हवा वाढली, पण पेट्रोलचे काय?

तुमच्या गावातल्या एखाद्या गॅरेजसमोर थोडा वेळ उभे राहिलात, तर एक संवाद हमखास कानी पडेल. कोणी तरुण आपली मोटारसायकल घेऊन येतो आणि म्हणतो, “दादा, एअर फिल्टरचा डबा काढून टाका. इंजिनाला मोकळी हवा मिळू द्या. पिकअप वाढेल.” त्यामागचे तर्कशास्त्र वरवर अगदी बिनतोड वाटते. इंजिन हवा आणि पेट्रोल यांच्या मिश्रणावर चालते. हवा जास्त मिळाली की ज्वलन जास्त होईल. ज्वलन जास्त झाले की शक्ती वाढेल.

हे तर्कशास्त्र कितपत खरे आहे? त्याचे उत्तर देण्यासाठी फार मोठ्या गणिताची गरज नाही. नववी-दहावीच्या पुस्तकातले घनफळ, घनता, दाब आणि रासायनिक समीकरण एवढे ज्ञान पुरेसे आहे. चला, आपण हिशेब करून पाहू.

एका घोटात किती हवा?

उदाहरणासाठी आपल्या ओळखीचे इंजिन घेऊ. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेली बुलेट ३५० ही मोटारसायकल तुम्ही पाहिली असेलच. तिच्या जुन्या इंजिनातील सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर असे. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरा. ३.१४ गुणिले ३.५ चा वर्ग गुणिले ९ म्हणजे सुमारे ३४६ घन सेंटिमीटर. ‘तीनशे पन्नास सीसी’ म्हणतात तो हाच आकडा.

दट्ट्या खाली येताना सिलिंडर हवा आत ओढतो. प्रत्यक्षात तो पूर्ण भरत नाही. वाटेतील वळणे, झडप आणि वेळेची घाई यांमुळे समजा ८० टक्के भरतो. म्हणजे एका घोटात सुमारे २७७ घन सेंटिमीटर हवा आत येते. एक लिटर हवेचे वस्तुमान साधारण १.२ ग्रॅम असते. त्यावरून या घोटातील हवा ३३२ मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा तिसरा हिस्सा भरते.

आता या हवेला पेट्रोल किती लागेल? पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यांचा प्रतिनिधी म्हणून आपण ऑक्टेन घेऊ. त्याच्या ज्वलनाचे समीकरण सांगते, की ११४ ग्रॅम ऑक्टेनला पुरते जळण्यासाठी ४०० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. वजनाने पाहिले तर हवेत सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो. म्हणून १ ग्रॅम ऑक्टेनला सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. प्रत्यक्ष पेट्रोलसाठी हा आकडा १४.७ धरतात.

३३२ भागिले १४.७ केले, की एका घोटाला लागणारे पेट्रोल मिळते. ते सुमारे २३ मिलिग्रॅम, म्हणजेच ०.०३ मिलिलिटर आहे. ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. तेव्हा एका घोटाला पेट्रोलचा एक पूर्ण थेंबही लागत नाही, अर्ध्याहून किंचित अधिक थेंब पुरतो. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल, तर असे घोट मिनिटाला २,५०० होतात. दर वेळी हा पाऊण थेंबाहूनही कमी असलेला वाटा हवेच्या प्रमाणात मोजून द्यायचा, हे काम कार्ब्युरेटर करतो; आणि तेही वीज, तराजू किंवा गणकयंत्र यांपैकी काहीही न वापरता!

गळ्यातला वारा

हे मोजमाप होते तरी कसे? कार्ब्युरेटरच्या मधोमध एक नळी असते आणि तिचा मधला भाग गळ्यासारखा अरुंद केलेला असतो. हवा अरुंद भागातून जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. वेग आणि दाब यांचा हा संबंध स्विस शास्त्रज्ञ डॅनिएल बर्नुली याने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मांडला, आणि अरुंद होत जाणाऱ्या नळ्यांवरील प्रयोग इटलीतील व्हेंचुरी याने १७९७ साली प्रसिद्ध केले. म्हणून या गळ्याला ‘व्हेंचुरी’ असेच नाव पडले.

गळ्याचा व्यास २४ मिलिमीटर आहे असे समजू. ५,००० फेऱ्यांच्या वेगाला दट्ट्याची एक धाव अवघ्या सहा सहस्रांश सेकंदात संपते. तेवढ्या वेळात २७७ घन सेंटिमीटर हवा त्या गळ्यातून जायला हवी. भागाकार करून पाहा. हवेचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १०० मीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर येतो! मोठमोठी चक्रीवादळेही या वेगापर्यंत पोचत नाहीत.

या वेगामुळे दाब किती उतरतो? अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे ०.५ × १.२ × १०० × १००, अर्थात ६,००० पास्कल. वातावरणाच्या दाबाचा तो सुमारे ६ टक्के भाग आहे.

गळ्याच्या खाली पेट्रोलची एक छोटी वाटी असते. तीत फ्लोट तरंगत असतो आणि तो पेट्रोलची पातळी कायम राखतो, तुमच्या घराच्या टाकीतील बॉलकॉकप्रमाणेच. या वाटीवर बाहेरच्या हवेचा दाब असतो, तर गळ्यात दाब कमी असतो. या फरकामुळे पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर ढकलले जाते आणि वेगवान हवेत त्याचा फवारा उडतो. हवेचा वेग वाढला, की दाबातला फरक वाढतो आणि पेट्रोलही त्या प्रमाणात वाढते.

सुरुवातीच्या मोटारगाड्यांत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यात वाफ मिसळत असत. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने, आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी, फवाऱ्याचा कार्ब्युरेटर तयार केला. तेव्हापासून मूळ कल्पना तीच राहिली आहे.

डबा काढला की काय होते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हवेच्या वाटेत कार्ब्युरेटरच्या आधी एअर फिल्टर असतो. त्यातून येताना हवेला थोडा अडथळा होतो आणि तिचा दाब जरा उतरतो. पूर्ण वेगाला हा उतार १,००० पास्कल आहे असे धरू. तेव्हा गळ्यातील एकूण उतार ६,००० अधिक १,०००, म्हणजे ७,००० पास्कल झाला. कारखान्यातील तंत्रज्ञांनी जेटचे भोक निवडताना हा ७,००० चा आकडा गृहीत धरलेला असतो.

फिल्टर डब्यासह काढून टाकला, तर दोन गोष्टी घडतात.

पहिली गोष्ट हवेची. तिच्या वाटेतला १,००० पास्कलचा अडथळा गेला. वातावरणाचा दाब सुमारे १,०१,३०० पास्कल आहे. म्हणजे सिलिंडरमध्ये येणारी हवा साधारण १ टक्क्याने वाढली. १८ अश्वशक्तीच्या इंजिनाला फार तर ०.१८ अश्वशक्तीचा लाभ झाला, आणि तोही मूठ पूर्ण पिळलेली असतानाच. शहरात आपण मूठ पाव-अर्धीच पिळतो. त्या वेळी कार्ब्युरेटरची स्लाइडच वाट अडवून बसलेली असते. तेव्हा फिल्टर असला काय आणि नसला काय, शक्तीत फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. जेटमधून पेट्रोल ढकलणारा दाब ७,००० वरून ६,००० वर आला. भोकातून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. सहा सप्तमांशाचे वर्गमूळ ०.९२६ येते. म्हणजे पेट्रोल सुमारे ७ टक्क्यांनी कमी झाले!

पाहिलेत ना गंमत? हवा वाढली एका टक्क्याने, आणि पेट्रोल घटले सात टक्क्यांनी. वाढलेल्या हवेबरोबर पेट्रोल आपोआप वाढेल, ही समजूत खोटी ठरली; उलट ते कमीच झाले. अशा मिश्रणाला आपण ‘विरळ’ म्हणू. गॅरेजमधील कारागीर त्याला ‘लीन’ म्हणतात. पेट्रोल जास्त असेल तर ते ‘सधन’ किंवा ‘रिच’.

प्रयोग करून पाहा

हे कागदावरचे गणित पटत नसेल, तर शाळेच्या प्रयोगशाळेतून टी-आकाराची एक काचनळी मागून घ्या. तिचा उभा पाय रंगीत पाण्याच्या पेल्यात बुडवा. आडव्या नळीच्या एका टोकाला स्वच्छ रबरी नळी जोडून तोंडाने हळूच हवा ओढा. दुसरे टोक मोकळे असताना पाणी पायातून जरासेच वर चढेल. आता ते मोकळे टोक बोटाने अर्धे झाका आणि तितक्याच जोराने ओढा. पाणी लगेच उंच चढेल. बोट काढले, की पुन्हा खाली येईल.

बोट अर्धे झाकलेले टोक म्हणजे धुळीने तुंबलेला फिल्टर. तेव्हा पेट्रोल जास्त येते, गाडी काळा धूर सोडते आणि पेट्रोल खाते. थंडीच्या दिवसांत सकाळी ओढायचा चोकही अनेक गाड्यांत हेच काम करतो. मिश्रण सधन व्हावे म्हणून तो हवेची वाट मुद्दाम अडवतो. आणि मोकळे टोक म्हणजे फिल्टर काढलेला कार्ब्युरेटर. हा प्रयोग पाण्यानेच करायचा, पेट्रोलने कधीही नाही, हे वेगळे सांगायला नको.

सात टक्क्यांनी एवढे काय बिघडते?

१४.७ हे प्रमाण रसायनशास्त्राच्या दृष्टीने काटेकोर आहे. पण जास्तीत जास्त शक्ती मिळते ती साधारण १२.५ ते १३ भाग हवेला १ भाग पेट्रोल असताना. म्हणून मूठ पूर्ण पिळल्यावर मिश्रण थोडे सधन व्हावे, अशीच रचना कारखान्यात केलेली असते. हे जादा पेट्रोल सगळेच वाया जात नाही. त्याची वाफ होताना ते उष्णता शोषून घेते आणि इंजिनाला आतून गारवा देते. माठातले पाणी गार कसे होते, ते आठवा.

मिश्रण विरळ झाले, की हा गारवा जातो. झडप, प्लग आणि दट्ट्या अधिक तापू लागतात. मिश्रण फारच विरळ झाले, तर ज्योत सावकाश पसरते आणि पुढची झडप उघडेपर्यंत ज्वलन चालूच राहते. मग मूठ पिळताच गाडी अडखळते, कार्ब्युरेटरमधून ‘फट्’ असा आवाज येतो, मूठ सोडली की सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. हा आवाज ऐकून पुष्कळांना गाडी ‘जोरात’ चालल्याचा भास होतो. वास्तविक ती उपाशी असल्याची तक्रार करीत असते. दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, आणि सिलिंडरमधील ज्वलनाचे तापमान त्याच्या कितीतरी पट असते. विरळ मिश्रणावर लांबचा पल्ला भरधाव मारला, तर दट्ट्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

शिवाय धूळ आहेच. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. मोहच्या काठिण्य श्रेणीत क्वार्ट्झचा क्रमांक सातवा, म्हणजे तो पोलादी चाकूच्या पात्यालाही ओरखडतो. फिल्टर नसेल, तर हे कण सिलिंडरच्या भिंतीवर पॉलिशपेपरासारखे घासत राहतात. एक टक्का शक्तीसाठी ही किंमत मोजावी का, याचा विचार तुम्हीच करा.

जेटचा आकडा

मग बदल करायचाच नाही का? शर्यतीच्या गाड्यांत तो करतात. पण ते हवेबरोबर पेट्रोलचाही हिशेब पुन्हा मांडतात. ते मोकळ्या हवेचा पण गाळणी असलेला फिल्टर लावतात आणि मोठा जेट बसवतात. काही कंपन्यांच्या जेटवरील आकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. इतर कंपन्यांचा आकडा पेट्रोलचा प्रवाह सांगतो. पहिल्या प्रकारात १०० क्रमांक म्हणजे १ मिलिमीटर आणि १०५ क्रमांक म्हणजे १.०५ मिलिमीटर. व्यास पाच टक्क्यांनी वाढला. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून पेट्रोल दहा टक्क्यांनी वाढले. आपल्या उदाहरणातील तूट भरून काढायला १०४ च्या आसपासचा जेट पुरेल. म्हणजे हा सारा खेळ एका मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाचा आहे! जेटच्या भोकात तार घालून ते साफ करू नये, असे जाणते कारागीर का बजावतात, हे आता ध्यानात येईल.

कार्ब्युरेटरमध्ये एकच जेट नसतो. गाडी जागेवर उभी राहून चालू असते तेव्हा गळ्यातला वारा मंद असतो आणि मुख्य जेटमधून पेट्रोल ओढण्याची त्याची ताकद नसते. त्या वेळी छोटा पायलट जेट काम करतो आणि त्याचे मिश्रण एका स्क्रूने कमीजास्त करता येते. मूठ अर्धी पिळलेली असताना स्लाइडला लटकलेली निमुळती सुई पेट्रोलची वाट ठरवते. तिची क्लिप एक खाच वरखाली केली की मिश्रण बदलते. मुख्य जेटचा अंमल मूठ जवळजवळ पूर्ण पिळल्यावर चालतो. या तिघांची कामे वेगळी आहेत, हे न ओळखता नुसता एक स्क्रू फिरवत बसणे म्हणजे ट्यूनिंग नव्हे.

चांगला कारागीर आधी फिल्टर, प्लग, झडपांमधील अंतर आणि रबरी जोडातील गळती तपासतो. इंजिन चांगले तापल्यावर तो कामाला लागतो, एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि गाडी चालवून पाहतो. मग प्लग काढून त्याचा रंग पाहतो. फिकट तपकिरी असेल तर ठीक; काजळीने काळा असेल तर मिश्रण सधन; पांढराफटक आणि भाजल्यासारखा असेल तर विरळ. प्रयोगवहीत आपण ‘इतर घटक स्थिर ठेवून’ असे लिहितो ना? त्याच नियमाने हे काम चालते. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर सुधारणा कशाने झाली हे कोणालाच सांगता येणार नाही.

घाट आणि पेट्रोलपंप

गाडीला हातही न लावता मिश्रण बदलू शकते, याची दोन उदाहरणे पाहू. रत्नागिरीत ट्यून केलेली गाडी घेऊन तुम्ही महाबळेश्वरला गेलात. ते समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तेथे हवेची घनता समुद्रकाठच्या ८८ टक्क्यांच्या आसपास असते. हवा विरळ झाली तरी पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही. ते घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच घटते. म्हणून मिश्रण सुमारे ७ टक्क्यांनी सधन होते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या लेहमध्ये हा आकडा १९ टक्क्यांपर्यंत जातो. तेथे कार्ब्युरेटरच्या गाड्या धुरकटतात आणि दम टाकतात, याचे एक कारण हे आहे.

दुसरे उदाहरण पंपावरचे. आज आपल्या देशात पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्यामुळे त्याला हवा कमी पुरते. ४६ ग्रॅम इथेनॉलला ९६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे १ ग्रॅमला ९ ग्रॅम हवा. अशा मिश्र इंधनाला एकूण १३.५ भाग हवा हवी. पण जुन्या गाडीचा जेट तर १४.७ च्या हिशेबाने घडवलेला आहे! म्हणजे ही गाडी आधीच सुमारे आठ टक्के विरळ चालते. त्यात फिल्टरही काढला, तर आठ आणि सात मिळून तूट पंधरा टक्क्यांच्या घरात जाते. पूर्वी निभावून गेलेला बदल आज इंजिनाला का झेपत नाही, त्याचे उत्तर या बेरजेत आहे.

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ ही उत्सर्जनाची मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा इंधन-अंतःक्षेपणाने घेतली. तेथे धुरातील ऑक्सिजन मोजणारा संवेदक असतो आणि पेट्रोल किती सोडायचे ते एक छोटा संगणक ठरवतो. पण कार्ब्युरेटरच्या असंख्य गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या डब्याला हात घालण्याचा मोह तसाच आहे.

तुमच्यापैकी ज्यांना यंत्रांची आवड आहे, त्यांनी हा मोह कारागिरीकडे वळवावा. जाणत्या कारागिराच्या शेजारी बसून उघडलेला कार्ब्युरेटर पाहा. भंगारातला मिळाला तर सोडून पुन्हा जोडा. पेट्रोलजवळ विस्तव नको. इंजिन बंद खोलीत चालू ठेवू नका, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. आणि नोंदणीत लिहिलेल्या रचनेपेक्षा वेगळा बदल वाहनात करण्याला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मनाई करते, हेही लक्षात असू द्या.

घरी मोटारसायकल किंवा कार्ब्युरेटरची जुनी स्कूटर असेल, तर या रविवारी घरातील मोठ्या माणसांबरोबर तिचा एअर फिल्टर काढून उजेडात धरा. तो धुळीने भरला असेल तर माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे साफ करा किंवा बदला, आणि पुन्हा नीट घट्ट बसवा. आधीच्या आणि नंतरच्या महिन्यात एक लिटरला किती किलोमीटर पडले, याची वहीत नोंद ठेवा. डबा फेकून जो लाभ मिळवायचा बेत असतो, त्याहून अधिक लाभ पुष्कळदा या अर्ध्या तासाच्या कामात मिळून जातो, आणि तो तुमच्या वहीतले आकडेच तुम्हाला दाखवतील.